कॉर्निया पांढरा, मग आतलं बघायचं कसं? डोळ्यातली दुर्बीण नव्याने हातात घेणाऱ्यांसाठी

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या फेलोशिपला नुकतंच लागलेल्या प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट सांगतो, एंडोस्कोप, म्हणजे डोळ्यात घालायची दुर्बीण, ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी हातात घ्या. आपल्याकडे बरोब्बर उलटं होतं. मशीन कव्हर घालून कपाटात पडलेलं असतं, आणि मग कुर्ल्याच्या नाहीतर साकीनाक्याच्या कुठल्यातरी वर्कशॉपमधला पोरगा येतो, छिन्नी-हातोडीचं काम करताना लोखंडाचा तुकडा डोळ्यात गेलेला, जखम शिवून होते पण चार दिवसात कॉर्निया, म्हणजे डोळ्याची समोरची काच, सुजून पांढराफटक, मायक्रोस्कोपखाली आतलं काही म्हणजे काही दिसत नाही, आणि तेव्हा कोणाला तरी आठवतं की अरे, आपल्याकडे एंडोस्कोप आहे की. म्हणजे पहिला हात सगळ्यात अवघड केसवर. माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं. स्क्रीनवर कटर (डोळ्यातली जेली कापणारं इन्स्ट्रुमेंट) खाली जायला हवा होता तो वर गेला, मी हात जागच्या जागी थांबवला, दोन्ही इन्स्ट्रुमेंट हळूच बाहेर काढली आणि दिशा पहिल्यापासून लावली. पेशंटला काही झालं नाही, पण ते दहा सेकंद मला अजून आठवतात, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

आधी हे आहे काय ते

मायक्रोस्कोप कितीही भारी घ्या, वाइड अँगल लेन्स लावा, तुम्ही डोळ्यात बघताय ते समोरच्या दारातूनच. कॉर्निया साफ हवा, बाहुली मोठी हवी, लेन्स किंवा आयओएल (मोतीबिंदूनंतर बसवलेली कृत्रिम लेन्स) स्वच्छ हवी, यातलं एक जरी बिघडलं की मागचा पडदा दिसणं बंद. एंडोस्कोप समोरच्या दाराने जातच नाही. बाजूने, पार्स प्लानामधून (बुबुळाच्या कडेमागचा, पडदा नसलेला पट्टा) आपण एरवी कटर आणि लाइट घालतो तिथूनच तो आत जातो आणि कॉर्नियाच्या मागे जाऊन बघतो. एकाच सुईएवढ्या नळीत, म्हणजे प्रोबमध्ये, तीन गोष्टी असतात, चित्र आणणारे फायबर, उजेड नेणारे फायबर, आणि बऱ्याच प्रोबमध्ये लेझरचा फायबर. चित्र आयपीसमध्ये नाही, मॉनिटरवर दिसतं.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत थॉर्पने १९३४ मध्ये डोळ्यातला लोहचुंबकाला न चिकटणारा तुकडा काढायला एंडोस्कोप वापरला, त्याची जाडी होती ६.५ मिलिमीटर. आपला डोळा पुढून मागे साधारण २४ मिलिमीटर, म्हणजे विचार करा केवढं भोक. १९७८ मध्ये नॉरिस आणि क्लीसबीने ती जाडी १.७ वर आणली, आणि १९९२ च्या सुमारास मार्टिन उरॅमने चित्र, उजेड आणि लेझर एका प्रोबमध्ये आणून काचबिंदूसाठी वापरायला सुरुवात केली. आज आपण २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर किंवा २३ गेज म्हणजे ०.६ मिलिमीटरची प्रोब वापरतो, गेजचा आकडा मोठा तितकी नळी बारीक.

इथे एक व्यवहार कायमचा लक्षात ठेवा. प्रत्येक फायबर म्हणजे चित्राचा एक ठिपका. नळी जाड तितके फायबर जास्त, चित्र स्वच्छ, दिसतंही जास्त रुंद. नळी बारीक तितकं भोक छोटं, टाका नको, पण चित्र दाणेदार. २० गेजमध्ये साधारण १० हजार ठिपके, १९ गेजमध्ये १७ हजारापर्यंत, २३ मध्ये आणखी कमी. आजकालच्या एचडी मायक्रोस्कोप व्हिडिओची सवय झालेल्याला पहिल्यांदा हे चित्र बघून वाईट वाटतं, जुन्या मोबाइलच्या कॅमेऱ्यासारखं. पण ज्या डोळ्यात काहीच दिसत नव्हतं तिथे नर्व्ह (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) गुलाबी, म्हणजे जिवंत आहे हे दिसणं ही किती मोठी गोष्ट आहे ते एकदा अनुभवलं की दाणे दिसेनासे होतात.

कुठे लागतो

सगळ्यात आधी इजेचे डोळे, कॉर्निया शिवलेला, आत रक्त, पडदा सुटलेला किंवा तुकडा अडकलेला. मग एंडोफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्यात पू, यात कॉर्नियाही धुरकट आणि थांबायला वेळ नाही. ज्यांच्या बुबुळावर जुनं फूल पडलंय आणि आता मागचा पडदा सुटलाय असे पेशंट. लहान बाळांचे आरओपीचे (अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडद्याचा आजार) डोळे, पुढच्या भागातलं पीव्हीआर (सुटलेल्या पडद्यावर व्रणासारखी झिल्ली धरणं), आयरिसच्या (बाहुलीभोवतीचं रंगीत वर्तुळ) मागे लपलेला लेन्सचा तुकडा, सिलिअरी बॉडीवर (आयरिसच्या मागचं, डोळ्यातलं पाणी तयार करणारं कडं) चढलेली पातळ झिल्ली जिच्यामुळे डोळ्याचा प्रेशर पार खाली जातो. हा जो आयरिसच्या मागचा भाग आहे ना, तो कॉर्निया काचेसारखा स्वच्छ असला तरी मायक्रोस्कोपमधून सरळ दिसत नाही, स्क्लेरा (डोळ्याचं पांढरं कवच) बाहेरून दाबावा लागतो आणि दाबला की तिथली रचना वाकडी होते. एंडोस्कोपला दाबायची गरज नाही, तो भाग आहे तसा, आपल्या जागेवर दिसतो. मला विचाराल तर खरं बलस्थान हेच आहे, पांढरा कॉर्निया हे फक्त निमित्त.

दुसरा मार्ग असतो तात्पुरत्या केराटोप्रोस्थेसिसचा. खराब कॉर्निया कापून काढायचा, त्या जागी पारदर्शक खिडकी शिवायची (एकार्डची सिलिकॉनची १९८७ पासून आहे), आतलं काम करायचं आणि शेवटी दान केलेला कॉर्निया शिवायचा. चित्र छान येतं, दोन डोळ्यांनी बघताना कळते तशी खोली कळते, दोन्ही हात मोकळे. पण त्याच दिवशी आयबँकेतून कॉर्निया हवा, डोळा काही वेळ वरून उघडा राहतो, आणि ताज्या सुजलेल्या, पू झालेल्या डोळ्यात घातलेला कॉर्निया टिकेलच असं नाही. शिवाय आत नर्व्ह पांढरी पडलेली निघाली तर तो कॉर्निया वाया गेला, जो दुसऱ्या कोणाला तरी दिसायला उपयोगी पडला असता. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, शंका असेल तिथे आधी एंडोस्कोपने आत डोकावून या, पडदा आणि नर्व्ह वाचण्यासारखी आहे का बघा, मग कॉर्नियाचं ठरवा.

नातेवाईकांना काय सांगायचं

आपल्या पेशंटांना एंडोस्कोप हा शब्द नको, दुर्बीण म्हणा, लगेच कळतं. पण इथे एक अडचण होते. दुर्बिणीतून ऑपरेशन म्हणजे छोटं, सोपं, दुसऱ्या दिवशी घरी असं लोकांच्या डोक्यात बसलंय, पोटाच्या ऑपरेशनांमुळे. त्या वर्कशॉपच्या पोराचे मामा मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दुर्बिणीतून करताय ना, मग काही टेन्शन नाही." मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "मामा, दुर्बीण आम्हाला आत बघायला लागते. काच पांढरी झालीय, बाहेरून खोली दिसत नाही, म्हणून भिंतीला भोक पाडून आत डोळा लावायचा. आत आग किती लागलीय ते बघितल्यावरच कळेल. आणि ऑपरेशन झालं तरी काच पांढरीच राहणार, ती नंतर वेगळी बदलायला लागेल." हे शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. नाहीतर पट्टी सोडल्यावर पेशंटला आधीइतकंच धूसर दिसतं आणि घरच्यांना वाटतं ऑपरेशन फसलं.

ऑपरेशनच्या आधी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, स्वतः करा, रिपोर्टवर विसंबू नका. पडदा कुठे सुटलाय, कोरॉइड (पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर) जाड आहे का, कोणत्या बाजूला मोकळी जागा आहे, हे डोक्यात घेऊनच टेबलावर जायचं, कारण आत शिरताना तुमच्याकडे दुसरा नकाशा नसतो. लोखंडाचा संशय असेल तर सीटी, एमआरआय अजिबात नाही. पीएल पीआर (उजेड जाणवतो का आणि कोणत्या बाजूने) नीट लिहा, दोनदा तपासून.

सराव, आणि तो कसा

पहिला सराव टेबल टेनिसच्या बॉलवर. बॉल मधोमध कापा, आतल्या बाजूला मार्करने क ख ग घ लिहा, घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल, तळाशी एक ठळक ठिपका, मग टेपने जोडा आणि बाजूला दोन भोकं पाडा. एका भोकातून जुनी, ऑपरेशनला बाद झालेली प्रोब, दुसऱ्यातून कोणतीही बोथट सुई. आता मॉनिटरकडे बघून सुईने क ला हात लावा, मग ग ला, मग ठिपक्याला. पहिल्या दिवशी सुई सापडतच नाही, सापडली तर भलतीकडे जाते, आणि हे सगळ्यांचं होतं, वीस वर्षं रेटिना करणाऱ्याचंही, कारण मायक्रोस्कोपमध्ये कॅमेरा स्थिर असतो आणि हात हलतात, इथे एका हातात कॅमेराच आहे. रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर. त्यानंतर हाताला एक गोष्ट आपोआप समजायला लागते की चित्र हललं ते सुईमुळे की कॅमेऱ्यामुळे.

दुसरा सराव बकऱ्याच्या डोळ्यावर. मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं की तो डोळे बाजूला काढून ठेवतो, चार-सहा घ्या. ताज्या डोळ्याचा कॉर्निया साफ असतो, त्यात आधी मायक्रोस्कोपने बघा, मग तोच भाग एंडोस्कोपने, दोन्ही चित्रं ताडून बघा. आतला पडदा निळसर हिरवा चमकतो, बकऱ्याच्या डोळ्यात मागे चमकणारा थर असतो म्हणून, तेव्हा दचकू नका आणि उजेड कमी ठेवा. उरलेले डोळे फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कॉर्निया दुधाळ झालेला असतो, म्हणजे तुम्हाला हवा तसाच डोळा, फुकटात. आता मायक्रोस्कोप बाजूला आणि सगळं मॉनिटरवर. हे पाच-सहा डोळे झाले ना, की माणसाच्या डोळ्यात शिरताना घाम फुटत नाही.

तिसरी पायरी माणसाच्या डोळ्यात पण साध्या केसमध्ये. सरांना विचारून, पेशंटची संमती घेऊन, साफ कॉर्नियाच्या, लेन्स बदललेल्या डोळ्यात व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातली जेली, म्हणजे व्हिट्रियस, काढणं) नेहमीसारखी पूर्ण करा आणि शेवटी दोन मिनिटं एंडोस्कोप घालून फक्त बघा. काही कापू नका, काही धरू नका. समोरचे सिलिअरी प्रोसेस (सिलिअरी बॉडीच्या बोटांसारख्या घड्या), पार्स प्लाना, ओरा सेराटा (पडद्याची पुढची दातेरी कड), आणि तुम्ही साफ केली म्हणून सोडून दिलेली व्हिट्रियस बेसची, म्हणजे जेली घट्ट चिकटलेली असते ती जागा. तिथे किती उरलंय ते दिसलं की मायक्रोस्कोपने काम करायची पद्धतही सुधारते.

ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची मांडणी

मॉनिटर तुमच्या नाकासमोर, पेशंटच्या पायाकडे, डोळ्यांच्या उंचीला. बाजूला ठेवला की मान वळते, मान वळली की हात वळतो आणि दिशा चुकते, इतकं साधं आहे. मायक्रोस्कोप काढून टाकायचा नाही, पोर्ट (इन्स्ट्रुमेंट आत घालायची भोकं) करताना, टाका घेताना तो लागतोच. पण एक नियम, आत इन्स्ट्रुमेंट असताना नजर मायक्रोस्कोपवरून मॉनिटरवर न्यायची तर आधी हात थांबवायचे, मनगट पेशंटच्या कपाळावर टेकवायचं, मग नजर हलवायची.

प्रोबचा गेज आणि पोर्टचा गेज आदल्या दिवशी तपासा. २३ च्या कॅन्युलातून (पोर्टमधली छोटी नळी) २० ची प्रोब जाणार नाही, तिच्यासाठी एमव्हीआर ब्लेडने (टोकदार बारीक पातं) वेगळा कट आणि शेवटी टाका लागणार, आणि हे ऐन वेळी कळलं तर सिस्टरांची धावपळ आणि तुमची चिडचिड. निर्जंतुकीकरण कंपनीने सांगितलंय त्याच पद्धतीने. इथिलीन ऑक्साइड असेल तर सायकल आणि नंतर गॅस निघून जायचा वेळ धरून दुसरा दिवसच उजाडतो, म्हणजे एक प्रोब, एक दिवस, एक केस. लिस्ट लावतानाच हे बघा.

पावसाळ्यात अजून एक. मशीन एसीच्या खोलीत गार झालेलं असतं, मुंबईच्या जुलैमधल्या दमट कॉरिडॉरमधून ओटीत आणलं की कॅमेरा आणि प्रोबच्या जोडावर बाष्प धरतं आणि चित्र धुरकट दिसतं, मग सगळे टोक पुसत बसतात, खरं तर टोकाचा दोषच नसतो. वीस मिनिटं आधी आणून ठेवा, जोड कोरड्या गॉजने पुसा, मग लावा.

दिशा, इथे घाई करू नका

डोळ्यात जायच्या आधी बाहेर चार कामं. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या गॉजवर. फोकसची रिंग फिरवून टाक्याच्या पाकिटावरची अक्षरं वाचता येईपर्यंत फोकस. मग तीच अक्षरं सरळ दिसेपर्यंत प्रोब बोटांत फिरवा, उलटी दिसत असतील तर उलटी, आडवी तर आडवी, सरळ झाली की प्रोबच्या मुठीवर वरच्या बाजूला स्टराइल मार्करने एक रेघ मारा. ती रेघ तुमची शेंडी, ती कायम छताकडे. शेवटचं काम, प्रोबसमोर फोर्सेप धरून वर करा, स्क्रीनवर वर जायला हवी, उजवीकडे न्या, उजवीकडे जायला हवी. शेजारी उभ्या असलेल्या सिस्टरांना मोठ्याने विचारा, वर गेली का? त्या हो म्हणाल्या की मगच पुढे. माझ्या पहिल्या केसला मी हेच गाळलं होतं.

आत गेल्यावर समोरच्या भिंतीकडे बघितलं तर वर म्हणजे छताकडे कॉर्नियाची बाजू, म्हणून स्क्रीनवर सगळ्यात वर आयरिसची मागची बाजू किंवा आयओएल, तिच्याखाली पांढुरक्या बोटांसारखे सिलिअरी प्रोसेस ओळीत उभे, त्याखाली तपकिरी सपाट पार्स प्लाना, मग दातेरी ओरा, मग पडदा. हे चित्र असंच दिसलं तर दिशा बरोबर. प्रोसेस तिरके दिसले तर बोटांतली प्रोब फिरलीय, रेघ बघा, सरळ करा. इथून पुढे टोक हळूहळू खाली वळवत नेलं की नर्व्ह येते. मधेच हरवलात तर घाबरून इकडेतिकडे शोधू नका, परत वर प्रोसेसपाशी या, ते आपलं दादर स्टेशन, तिथून कुठेही जाता येतं.

आत शिरणं

इन्फ्युजनची, म्हणजे आत पाणी सोडणारी कॅन्युला नेहमीसारखी खाली बाहेरच्या बाजूला, लिंबसपासून (कॉर्नियाची कड) आयओएलच्या डोळ्यात ३.५ मिलिमीटर, स्वतःची लेन्स असेल तर ४. आता गोची अशी की कॉर्निया पांढरा असल्यामुळे कॅन्युलाचं टोक पोकळीत आलंय की कोरॉइडखाली अडकलंय हे मायक्रोस्कोपने दिसत नाही. म्हणून इन्फ्युजन चालू करू नका. आधी एंडोस्कोप आत घाला, पहिलं काम ते टोक शोधायचं, धातू उघडा चमकताना दिसला, वर कसलाही पडदा नाही, मगच पाणी सुरू. कोरॉइड सुजलेला असेल तर ६ मिलिमीटरची लांब कॅन्युला आधीच मागवून ठेवा. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि यासाठी तरी एंडोस्कोप घ्यावा असं मला वाटतं.

पू असलेल्या डोळ्यात पाणी सुरू करायच्या आधी न मिसळलेला व्हिट्रियस, ०.२ ते ०.५ मिली, लॅबसाठी घ्यायचा हे विसरू नका. तिथे सुरुवातीला स्क्रीन नुसती पांढरी असते, धुक्यात गाडीचा दिवा लावल्यासारखी, उजेड वाढवला की अजून पांढरी. उजेड कमी करा, टोक थोडं मागे घ्या आणि कटर टोकाच्या अगदी समोर आणा, कटरचं तोंड तुमच्याकडे असलेलं दिसलं पाहिजे. दिसलं की कापा, नाही दिसलं की पाय पेडलवरून उचला. आधी टोकासमोरची छोटी जागा साफ करायची, मग ती हळूहळू मोठी करत न्यायची. सक्शन कमी ठेवा, असल्या डोळ्यातला पडदा ओल्या कागदासारखा असतो. शेवटी व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, दोन्ही ०.१ मिलीमध्ये, वेगवेगळ्या सिरिंजने.

स्क्रीन अचानक लाल झाली तर दोनच कारणं, टोकावर रक्त किंवा टोक कशाला तरी टेकलंय. दोन्हीत उत्तर एकच, पुढे जायचं नाही, आलात त्याच वाटेने मागे. टोक इन्फ्युजनच्या धारेसमोर धरलं की बऱ्याचदा धुतलं जातं, नाहीतर बाहेर काढून ओल्या स्पंजने पुसा, खरवडू नका. डोळ्यात हवा भरल्यावर गार टोकावर बाष्प येतं, कोमट सलाइनमध्ये बुडवून पुसून परत घाला.

खोली कळत नाही, मग काय

हा सगळ्यात अवघड भाग, आणि याला शॉर्टकट नाही. मायक्रोस्कोपमध्ये दोन डोळ्यांनी खोली दिसते, इथे चित्र सपाट. त्यात उजेड आणि कॅमेरा एकाच टोकात, म्हणून सावलीही पडत नाही, कटर पडद्याच्या वर तरंगतोय की टेकलाय हे नुसतं बघून सांगता येत नाही. मी तीन गोष्टी करतो. एक, शॅन्डेलिअर लाइट (डोळ्याच्या भिंतीत बसवून ठेवायचा दिवा) वेगळ्या कोनातून लावतो, मग कटरची सावली पडद्यावर पडते, कटर खाली येतो तशी सावली जवळ येते, दोन्ही भेटले म्हणजे टेकलं. दुसरं, मोजपट्टी म्हणून कटर वापरतो, २३ गेजचा दांडा ०.६ मिलिमीटर आणि डिस्क (नर्व्हचं पडद्यावर दिसणारं तोंड) साधारण दीड, शेजारी शेजारी ठेवले की आकाराचा अंदाज येतो, कारण इथे झूम ठरलेला नसतो, टोक जवळ नेलं की तीच गोष्ट मोठी दिसते. तिसरं, काम करताना एंडोस्कोप अगदी जरासा डावीउजवीकडे हलवतो, जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. लोकलच्या खिडकीतून बघताना रुळाशेजारचे खांब झरझर मागे जातात आणि लांबच्या बिल्डिंगा जागीच असतात, तेच.

तरीही मॅक्युलावरची (पडद्याचा मधला, बारीक बघायचा भाग) झिल्ली सोलायचं काम सुरुवातीच्या काळात एंडोस्कोपखाली करू नका. काही मोठे सर्जन करतात, तुम्ही करू नका. मॅक्युलासमोर टोक जवळ धरून उजेड पाडत बसू नका. आणि पेशंटची स्वतःची लेन्स शाबूत असेल तर समोरच्या बाजूचं बघायला प्रोब मधून आडवी नेऊ नका, दांडा लेन्सच्या पाठीला लागतो आणि मोतीबिंदू होतो. त्या बाजूचं बघायचं तर प्रोब दुसऱ्या पोर्टमधून घाला, हात बदला.

लोखंडाचा तुकडा काढताना एक अनुभव. त्या पोराच्या डोळ्यात सीटीवर तुकडा खालच्या बाजूला दिसत होता, पडद्यावर असेल असं धरून आम्ही मागे शोधत होतो. मिळाला पार पुढे, सिलिअरी प्रोसेसच्या दोन बोटांमध्ये, रक्ताच्या गुठळीखाली, तांदळाच्या कणीएवढा, एक कड चमकणारी. मायक्रोस्कोपने तो जन्मात दिसला नसता. आधी त्याच्याभोवतीचं व्हिट्रियस सगळं कापा, मग धरा, नाहीतर ओढताना पडदाही सोबत येतो.

काचबिंदूसाठी थोडक्यात

याच प्रोबने सिलिअरी प्रोसेसवर ८१० नॅनोमीटरचा डायोड लेझर देता येतो, बहुतेक वेळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसोबत, पुढच्याच जखमेतून. २०० मिलीवॉटच्या आसपास सुरू करा, प्रोसेस पांढरा पडून आक्रसला की पुढच्याकडे. पॉप असा आवाज आला किंवा बुडबुडा दिसला म्हणजे जास्त झालं, पॉवर कमी करा किंवा टोक मागे घ्या. पडद्यावरचा लेझरही याच्याने होतो, पण अंतर बदललं की डागाचा जोर बदलतो, तेव्हा पहिला डाग लांबून आणि हलका.

ऑपरेशन संपल्यावर

प्रोब महाग आहे आणि फायबर काचेचे आहेत. एका ठिकाणी आमची चांगली प्रोब गेली ती ऑपरेशनमध्ये नाही, टॉवेल क्लिपने केबल चिमटली गेली म्हणून. त्या दिवशी स्क्रीनवर पाच-सहा काळे ठिपके आले, पुढच्या महिन्यात वीस, मग नर्व्हच्या मधोमध काळा डाग दिसायला लागला आणि प्रोब बाद. काळा ठिपका म्हणजे तुटलेला फायबर, तो परत जुळत नाही. केबल जेवणाच्या ताटाएवढ्या मोठ्या वेटोळ्यात ठेवा, कधीच घट्ट गुंडाळू नका, वर दुसरा ट्रे ठेवू नका, आणि टोक लगेच, रक्त वाळायच्या आत डिस्टिल्ड वॉटरने धुवा. हे काम सिस्टर आणि ओटीतले दादा करतात, तेव्हा त्यांना एकदा मॉनिटरसमोर उभं करून दाखवा की ठिपका कसा दिसतो. आमच्या ओटीत दाखवल्यापासून केबल कशी ठेवायची ते कोणाला सांगावं लागलेलं नाही.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी घरी परत बघा, आवाज बंद करून, आणि जिथे दिशा हरवली ती वेळ वहीत लिहा. ऑपरेशन नोटमध्ये नुसतं 'एंडोस्कोपिक व्हिट्रेक्टॉमी केली' लिहून सोडू नका. डिस्कचा रंग, मॅक्युला चिकटलेला की सुटलेला, पडद्याला घड्याळाच्या कोणत्या आकड्याशी (क्लॉक अवर) भोक होतं, डोळ्यात तेल भरलंय की गॅस, सिलिअरी प्रोसेस चांगले की चपटे, हे सगळं लिहा, कारण सहा महिन्यांनी हाच पेशंट कॉर्निया बदलायला दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणार आहे, त्यांनाही बाहेरून काहीच दिसणार नाही, आणि त्यांच्याकडे तुमचा तो कागदच असणार आहे.